डिग, रेडिट आणि दारात पडणारा पेपर

सर, तुमचा प्रश्न बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सांगलीत राहता, गणित शिकवून निवृत्त झालात, घरी दोन पेपर येतात. बेंगळुरूत नोकरी करणारा भाचा म्हणतो, "मामा, पेपर बंद करा. रेडिट बघा, हॅकर न्यूज बघा. जगातली महत्त्वाची बातमी लोकच मतं देऊन वर आणतात." तुम्ही आठवडाभर रोज तासभर बघितलंत, हाताला काही लागलं नाही, आणि आता विचारताय की अशा साइट्सचा साध्या वाचकाला खरंच काही उपयोग असतो का, की तुम्हालाच त्या वाचता येत नाहीत.

मी २४ वर्षं मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यातली शेवटची १२ डिजिटलला. या साइट्स मी हौसेने उघडत नाही, सकाळी कामावर आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्या चाळाव्याच लागतात. त्या अनुभवावरून सांगते. उपयोग आहे, पण भाचा दाखवतोय त्या ठिकाणी नाही. मतांनी वर चढलेल्या मथळ्यांची जी यादी समोर येते, ती तुमच्यासाठी जवळपास निरुपयोगी आहे. त्या मथळ्यांखाली माणसं जे लिहितात, त्यातला काही भाग मात्र असा असतो की तो आमच्या कुठल्याच पेपरात तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही आठवडाभर यादी वाचत बसलात, म्हणून रिकाम्या हाताने परतलात.

ही कल्पना मुळात वाईट नव्हती. आमच्याकडे संध्याकाळी मीटिंग होते आणि चार-पाच माणसं ठरवतात की उद्याची लीड म्हणजे मुख्य बातमी कोणती, अँकर म्हणजे पानाच्या तळाची बातमी कोणती, कुठली बातमी आतल्या पानावर ढकलायची. त्या चार-पाच जणांच्या आवडीनिवडी, भीती, जाहिरातदारांचं ओझं, सगळं त्या पानात उतरतं. १९९७ साली अमेरिकेत स्लॅशडॉट सुरू झालं तेव्हा बातम्यांचे दुवे (लिंक) वाचक पाठवायचे, पण निवड संपादकच करायचे. डिसेंबर २००४ मध्ये केविन रोझ आणि त्याच्या साथीदारांनी डिग आणलं आणि संपादकालाच बाजूला केलं. वाचकाने दुवा टाकायचा, वाचकांनीच मत द्यायचं, मतं जास्त तो वर. जून २००५ मध्ये नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन यांनी रेडिट काढलं. फेब्रुवारी २००७ मध्ये पॉल ग्रॅहमने हॅकर न्यूज सुरू केलं. पहिलं पान लावायचा अधिकार वाचकाच्या हाती द्यायचा, ही गोष्ट तेव्हा मला मनापासून पटली होती. आजही तिच्यामागचा हेतू मला खोटा वाटत नाही.

अडचण ही की 'वाचक' म्हणजे नेमके कोण, हे मतपेटी उघडल्यावर कळलं. २००६ साली डिगच्या मुखपृष्ठाची मोजदाद झाली, तेव्हा तिथल्या निम्म्याहून जास्त बातम्या अवघ्या १०० सदस्यांनी आणलेल्या निघाल्या. म्हणजे चार-पाच संपादक जाऊन शंभर आले, आणि या शंभरांची नावं, हितसंबंध, नोकऱ्या बहुतेक वाचकांना ठाऊक नाहीत. पुढच्याच वर्षी 'वायर्ड' या तंत्रज्ञानविषयक मासिकाच्या पत्रकार ॲनाली न्यूइट्झ यांनी मुद्दाम एक रटाळ ब्लॉग तयार केला आणि त्यासाठी पैसे मोजून मतं विकत घेतली. तो ब्लॉग डिगच्या लोकप्रिय यादीत जाऊन बसला. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने नवी मांडणी आणली, नापसंतीचं बटण काढून टाकलं, बड्या प्रकाशकांच्या बातम्या आपोआप आत यायला लागल्या. चिडलेल्या सदस्यांनी डिगचं मुखपृष्ठ रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि बिऱ्हाड तिकडे हलवलं. २०१२ मध्ये डिग विकलं गेलं ते पाच लाख डॉलरला, अशा बातम्या होत्या.

आता मतांचं गणित. तुम्ही गणिताचे, म्हणून आकड्यांतच सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे. २००८ साली रेडिटने आपला कोड खुला केला होता, त्यात बातम्यांचा क्रम लावायचं सूत्र होतं. पसंतीच्या मतांतून नापसंतीची मतं वजा करायची आणि जे उरेल त्याचा १० पायाचा लॉग घ्यायचा. म्हणजे १० मतांना १ गुण, १०० ला २, १००० ला ३. त्यात वेळेचे गुण मिळवायचे. पोस्ट जितकी उशिरा आलेली तितके गुण जास्त, दर ४५,००० सेकंदांना एक गुण. ४५,००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. आता असं समजा, सकाळी सहाला कोणीतरी चांगली शोधबातमी टाकली आणि तिला १०० मतं पडली. संध्याकाळी साडेसहाला कोणीतरी मांजराचा फोटो टाकला, त्याला १० मतं पडली. दोघांचे गुण सारखे. फोटोला अकरावं मत पडलं की तो शोधबातमीच्या वर.

याचा अर्थ तुमच्या लगेच लक्षात येईल. पहिल्या १० मतांना जेवढं वजन, तेवढंच पुढच्या ९० मतांना. सुरुवातीच्या अर्ध्या तासात जे चार लोक तिथे हजर असतात, तेच बातमीचं नशीब ठरवतात. चार हजार शब्दांचा लेख नीट वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जो वाचेल तो वीस मिनिटांनी मत द्यायला येणार. फोटोला दोन सेकंदांत मत पडतं. जे पटकन उरकतं ते आधी मतं गोळा करतं आणि जे वाचावं लागतं ते मागे राहतं. हॅकर न्यूज काढणाऱ्या पॉल ग्रॅहमनेच याला 'फ्लफ प्रिन्सिपल' (फ्लफ म्हणजे हलकंफुलकं) असं नाव दिलं होतं आणि मुद्दाम बंदोबस्त केला नाही तर मतांवर चालणाऱ्या साइट्सचं हेच होतं, असं लिहून ठेवलं होतं. आज रेडिटचं पान प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे वेगळं दिसतं, जुनं सूत्रही तसंच्या तसं राहिलेलं नाही. पण ताज्याला आणि चटकन कळणाऱ्याला झुकतं माप, ही खोड गेलेली नाही.

बरं, मत देणारे वाचून तरी देतात का? अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी ३०९ रेडिट-सदस्यांची वर्षभराची नोंद त्यांच्या संमतीने तपासली. ७३ टक्के वेळा मत देणाऱ्याने दुवा उघडलाच नव्हता. मथळा वाचला, मत देण्याचा बाण दाबला, पुढे गेला. मी आयुष्यभर मथळे केले आहेत, त्यामुळे हा आकडा वाचून मला धक्का बसला नाही, पण वाईट नक्कीच वाटलं. म्हणजे तुमच्या भाच्याला जे 'लोकांनी निवडलेलं' वाटतं, त्यातलं बरंचसं कोणीतरी केलेल्या चटपटीत मथळ्याचं यश आहे.

अजून एक प्रयोग आहे, २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेला. अशाच एका साइटवर संशोधकांनी एक लाखाहून जास्त प्रतिक्रिया घेतल्या आणि त्यातल्या काहींना, कुठल्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, सुरुवातीलाच एक पसंतीचं मत स्वतः देऊन टाकलं. मजकुराशी त्या मताचा काही संबंध नव्हता. तरी पुढच्या माणसाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. उलट, ज्यांना मुद्दाम नापसंती दिली होती त्या प्रतिक्रिया लोकांनी सावरून घेतल्या. म्हणजे लोक कोणाला विनाकारण पाडत नाहीत, पण वर जाणाऱ्याला आणखी वर ढकलतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला हात कोणी वर केला यावर ठराव कसा मंजूर होतो, ते तुम्ही बघितलंच असेल.

आणि घड्याळाचंही आहेच. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. तुम्ही चहा घेताना जे पान बघता ते अमेरिकेच्या दिवसभराचं उरलेलं पान असतं. त्यात सांगलीतल्या माणसाचं काही नसणं स्वाभाविक आहे.

मग मी ते रोज का उघडते? शुक्रवार, १९ जुलै २०२४ ची सकाळ सांगते. जगभर कॉम्प्युटरचे पडदे निळे पडायला लागले. विमानतळांवर रांगा, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. डेस्कवर फोनवर फोन, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: सायबर हल्ला आहे का? व्हॉट्सॲपवर तर हल्ला झाल्याचं ठामपणे फिरत होतं. वृत्तसंस्थांच्या पहिल्या कॉप्यांमध्ये 'तांत्रिक बिघाड' एवढंच. मी रेडिटवर सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर लोक जिथे एकमेकांशी बोलतात तिथे गेले. तिथे ऑस्ट्रेलियापासून युरोपपर्यंतची, प्रत्यक्ष ती यंत्रं हाताळणारी माणसं लिहीत होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट गेलाय. यंत्र सेफ मोडमध्ये चालू करा, अमुक फोल्डरमध्ये जा, 'सी-०००००२९१' ने सुरू होणारी फाइल काढा, यंत्र पुन्हा सुरू करा. एकाने लिहिलं, दुसऱ्याने करून बघितलं आणि चाललं म्हणून सांगितलं, तिसऱ्याने डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर आधी रिकव्हरी की शोधून ठेवा असं बजावलं. हल्ला नसून चुकीचा अपडेट आहे, हे कंपनीच्या प्रमुखांनीही पुढे जाहीर केलं. आम्ही ते सांगितलं जाईपर्यंत छापलं नाही, पण 'हल्ला' हा शब्द बातमीत जाऊ दिला नाही, तो त्या प्रतिक्रियांमुळे. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने त्या दिवशी ८५ लाख यंत्रं बंद पडली होती.

उपयोग असतो तो इथे. बातमी आमच्याकडे येते तेव्हा ती वार्ताहराच्या, मग माझ्या, मग पानाच्या मापाच्या गाळणीतून जाते. त्या गाळणीत धंद्यातल्या माणसाचं बारीकसारीक ज्ञान हमखास गळून पडतं. विम्याच्या नव्या नियमाची बातमी आम्ही आठ ओळींत देतो, त्याखाली दावे निकाली काढणारा कोणी माणूस लिहितो की यातली खरी गोम तिसऱ्या अटीत आहे. औषधाच्या संशोधनाची बातमी आम्ही 'रामबाण' म्हणून छापतो, तिथे कोणीतरी लिहितो की प्रयोग फक्त उंदरांवर झालाय. हे वाचून माझ्याच पेपरातल्या बातम्या मी अनेकदा दुरुस्त केल्या आहेत आणि त्याबद्दल त्या अनोळखी माणसांची मी ऋणी आहे.

मराठीतही हे झालं, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाने झालं. 'ऐसी अक्षरे' या मराठी संकेतस्थळावर 'ही बातमी समजली का?' नावाचे धागे चालायचे. कोणी बातमी आणून टाकायचा, खाली चर्चा. तिथे प्रतिसादाला नुसतं वर-खाली करता येत नसे, श्रेणी द्यावी लागे: मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, खवचट, भडकाऊ. ही पद्धत स्लॅशडॉटच्या धर्तीची. तुम्ही आयुष्यभर परीक्षेचे पेपर तपासलेत, तुम्हाला लगेच पटेल की नुसत्या बाणापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. 'खवचट' असा शिक्का मारायचा तर निदान वाचावं तरी लागतं.

पण याच गर्दीचं दुसरं रूप मी विसरू शकत नाही. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. रेडिटवर हजारो लोक फोटो ताडून संशयित शोधायला बसले. त्यांनी ब्राउन विद्यापीठातल्या एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव घेतलं. मुलगा भारतीय वंशाचा. आधीच महिनाभर त्याला शोधत असलेल्या घरच्यांवर शिव्यांचा आणि फोनचा भडिमार झाला. काही पत्रकारांनीही ते नाव पुढे पसरवलं, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. २२ एप्रिलला रेडिटने जाहीर माफी मागितली. २३ ला त्या मुलाचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. धंद्यातला माणूस स्वतःच्या कामाबद्दल लिहितो तेव्हा ऐका. घटना ताजी असताना गर्दी तपास करायला बसली की पान बंद करा.

तरीही, तुमच्यापुढे खरी निवड पेपर की रेडिट अशी नाहीच, सर. निवृत्त माणसाचा दिवस ज्यावर जातो ते व्हॉट्सॲप आहे, आणि त्याच्याशी तुलना केली तर मी या साइट्सच्या बाजूने उभी राहीन. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भटकी, पोटासाठी फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात फिरत होते. ती बातमी त्या रात्री मी पानात लावली आहे. त्या मेसेजना तारीख नव्हती, कोणी लिहिलं ते नव्हतं, आणि मुख्य म्हणजे 'हे खोटं आहे' असं लिहायला खाली जागा नव्हती. ज्याने ओळखलं त्याने फार तर आपल्या गटात सांगितलं, बाकीच्या शेकडो गटांत मेसेज तसाच पुढे गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना (माणूस किंवा गट) मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. रेडिटवर खोटी बातमी चढतेच, पण तिला पकडणारा जे लिहितो ते तिच्याच खाली, पुढच्या प्रत्येक वाचकाला दिसेल असं राहतं. हा फरक लहान नाही.

आता सांगलीचं. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्ही सोसलाय, मी तो डेस्कवरून बघितला. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या दिवसांत तुम्हाला हवं होतं ते एवढंच: आता किती फूट, कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून किती सोडलंय, कुठल्या गल्लीपर्यंत पाणी आलंय, बोट कुठून सुटतेय. आमचा वार्ताहर स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असताना पुलाजवळ जाऊन तासातासाला आकडा कळवत होता. कितीही मतं मिळवली तरी तो आकडा जगाच्या कुठल्या मुखपृष्ठावर येणार नव्हता, कारण तो फक्त तुम्हाला हवा होता. हळदीच्या सौद्यात काय भाव फुटला, महापालिकेच्या सभेत पाणीपट्टीचं काय ठरलं, या बातम्यांनाही तेच लागू. या साइट्स स्वतः एकही बातमी आणत नाहीत. कोणीतरी पायपीट करून आणलेली बातमी त्या फिरवतात. पायपीट करणाराच उरला नाही तर फिरवायलाही काही उरणार नाही, आणि तालुक्याच्या पातळीवर तो झपाट्याने कमी होतोय. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे.

म्हणून तुम्ही असं करा. यादी चाळणं सोडून द्या. पेपरात एखादी बातमी वाचलीत आणि तीत काहीतरी अर्धवट वाटलं, बँकेचा नियम, आजार, पेन्शन, परदेशातली घडामोड काहीही, की त्या विषयाचे दोन-तीन इंग्रजी शब्द आणि पुढे 'रेडिट' असं लिहून गूगलवर शोधा. आधी मूळ बातमी उघडा, मग प्रतिक्रिया. सगळ्यात वरच्या प्रतिक्रियेवर थांबू नका, ती बहुधा विनोदाची असते. प्रतिक्रियांचा क्रम बदलायची सोय असते, त्यात 'कॉन्ट्रोव्हर्शियल' निवडा, म्हणजे ज्यावर लोकांचे दोन तट पडलेत ते आधी दिसेल, आणि तिथे बहुतेक वेळा खरा मुद्दा असतो. जो माणूस आपण काय काम करतो ते सांगतो, मूळ कागद जोडतो आणि 'इथपर्यंतच मला माहीत आहे' असं लिहितो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तरी तब्येतीचा किंवा पैशाचा निर्णय तेवढ्यावर घेऊ नका. छोटे गट मोठ्यांपेक्षा चांगले, कारण तिथे माणसं एकमेकांना ओळखून असतात आणि थाप लवकर उघडी पडते. आठवड्यातून तीन-चार वेळा वीस मिनिटं, एवढं पुरे.

भाच्याला सांगा की त्याचा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, हॅकर न्यूज त्याच्या धंद्यातल्या लोकांचं चावडीवरचं बोलणं आहे, म्हणून त्याला तिथे सगळं मिळतं. तुमची चावडी वेगळी आहे.

आणि दोन पेपरांपैकी एक बंद करायचाच असेल, तर ज्याच्या आतल्या पानावर तासगाव, पलूस, शिराळा ही नावं रोज दिसतात आणि बातमीवर तिथल्याच वार्ताहराचं नाव असतं, तो चालू ठेवा.